फांदी आमच्या गच्चीवर, झाड महापालिकेचे

प्रश्न : पुण्याच्या पश्चिम भागात, सत्तरच्या दशकात वसलेल्या एका बंगला सोसायटीत राहणाऱ्या वाचक भगिनींचे हे पत्र मेअखेरीस आले आहे. त्यांच्या फाटकाबाहेर पदपथावर पर्जन्यवृक्षाचे जुने, मोठे झाड आहे. त्याची एक लांब आडवी फांदी कुंपणभिंत ओलांडून गच्चीवर, सोलरच्या पॅनेलांवर आली आहे. पानगळीत गच्चीवरच्या पाण्याच्या जाळ्या तुंबतात, चिकट शेंगा चपलांना लागून घरभर येतात, आणि हिवाळ्यात पाणी पुरेसे तापत नाही. गेल्या वर्षी वळवाच्या पावसात याच झाडाची एक फांदी शेजाऱ्यांच्या स्कूटरवर पडली. सासूबाईंची खोली त्याच बाजूला असल्यामुळे वारा सुटला की या भगिनींना झोप लागत नाही. क्षेत्रीय कार्यालयात त्यांनी दोनदा अर्ज दिला. माणसे आली, रस्त्याकडच्या फांद्या छाटून गेली, आणि घराकडची फांदी ‘ती तुमच्या हद्दीत आहे’ म्हणून सोडून दिली. यजमान म्हणतात, झाड महापालिकेचे आहे, आपण कशाला मध्ये पडायचे? समोरच्या घरातील काकांचा एकही डहाळी तोडायला विरोध आहे. एक लाकूडवाला मात्र रविवारी पहाटे येऊन, पैसे न घेता, केवळ लाकडाच्या बदल्यात फांदी उतरवून द्यायला तयार आहे. त्यांनी विचारले आहे : ‘छाटण्याची जबाबदारी नक्की कोणाची? आमच्या हद्दीत आलेली फांदी आम्ही कापली तर चूक काय? आणि आम्ही न कापता ती कोणाच्या अंगावर पडली, तर दोष कोणाचा?’

उत्तर :

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते, म्हणून ते आधी देते. सार्वजनिक रस्त्याच्या कडेचे झाड महापालिकेच्या ताब्यात असते. त्याची निगा आणि छाटणी ही तिच्या उद्यान विभागाची जबाबदारी आहे, आणि एखादी फांदी कोणाच्या भिंतीवरून आत गेली म्हणून ती जबाबदारी भिंतीपाशी संपत नाही. छाटणीला आलेल्या माणसांनी तुम्हाला दिलेले कारण त्यामुळे टिकणारे नाही. कदाचित त्यांची गाडी रस्त्यावर उभी होती, शिडी तेवढीच पोहोचत होती आणि खाली पडणारी फांदी तुमच्या सोलरवर आदळण्याची त्यांना भीती वाटली असेल. ही अडचण खरी असू शकते, पण तिला हद्दीचे नाव देणे चूक आहे.

मात्र त्यांनी जो हद्दीचा मुद्दा काढला, तोच तुमच्या दुसऱ्या प्रश्नातही आहे. त्यांनी तो फांदी न कापण्यासाठी वापरला, तुम्ही तो कापण्यासाठी वापरू पाहता आहात. शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आपल्या जागेवर आली तर ती आपल्या हद्दीपुरती कापावी, हा समज फार जुना आहे आणि दिवाणी कायद्याच्या परंपरेत त्याला आधारही आहे. पण शहरात या परंपरेच्या वर महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ हा कायदा लागू होतो. झाड तोडणे म्हणजे केवळ बुंध्यावर कुऱ्हाड चालवणे, असे हा कायदा मानत नाही. जाळणे, कापणे, किंवा कोणत्याही रीतीने झाडाला इजा पोहोचवणे हे सारे त्यात धरलेले आहे, आणि परवानगीवाचून ते केल्यास दंड आणि कैद या दोन्हींची तरतूद आहे. झाड कोणाच्या जमिनीत उभे आहे याने त्यात फरक पडत नाही. स्वतःच्या परसातील आंबा तोडायलाही परवानगी लागते, तेथे पदपथावरच्या झाडाचा प्रश्नच उरत नाही. शिवाय २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना ‘हेरिटेज वृक्ष’ म्हणून अधिक संरक्षण दिले आहे. तुमची सोसायटी सत्तरच्या दशकातील आहे; झाड तिच्याबरोबर लावलेले असेल तर ते या मर्यादेच्या आत-बाहेर कुठेतरी असणार, आणि लाकूडवाल्याने रविवारी पहाटेची वेळ का निवडली, याचा अर्थ तुम्हालाही कळला असेलच.

त्या माणसाविषयी आणखी थोडे लिहायला हवे, कारण असे ‘फुकट’ काम करून देणारे जवळपास प्रत्येक गल्लीत येतात. त्याची मजुरी लाकडात आहे. त्यामुळे तो जी फांदी धोक्याची आहे ती कापणार नाही, जिचे वजन भरेल ती कापेल, आणि शक्य तितकी बुंध्याजवळून कापेल. तुमच्या गच्चीवर आलेले बारीक, वाळके टोक त्याच्या कामाचे नाही. पर्जन्यवृक्षाचा पसारा उंचीपेक्षा रुंदीला मोठा असतो. एका बाजूची मुख्य फांदी बुडापासून गेली की सगळा भार दुसऱ्या बाजूला जातो. तुमच्या झाडाच्या रस्त्याकडच्या फांद्या आधीच छाटल्या गेल्या आहेत, म्हणजे आज त्याचे वजन घराच्या बाजूला अधिक आहे हे खरेच. पण त्यावर उपाय भार हलका करणे हा आहे, मुख्य फांदी उडवणे हा नाही. आणि हा माणूस कमरेला दोर बांधून, हेल्मेटशिवाय पंचवीस फूट उंच चढणार, त्याचा ना विमा असणार ना कोणाशी करार. तो पडला तर त्याला बोलावणारे तुम्हीच असाल. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी एवढ्या एका कारणासाठी मी तुम्हाला त्याला नकार द्यायला सांगेन.

आता तुमच्या अर्जांकडे येऊ. त्यांच्या प्रती तुम्ही पत्रासोबत पाठवल्या आहेत. दोन्हीत एकच मजकूर आहे : ‘आमच्या घरासमोरील झाड धोकादायक झाले असून कृपया त्वरित छाटणी करावी.’ अशा मजकुराचे अर्ज उद्यान विभागाकडे उन्हाळ्यात ढिगाने येतात, आणि ते वाचून कोणत्याही अधिकाऱ्याला नेमके काय करायचे ते कळत नाही. म्हणून माणसे आली, त्यांना सोयीचे होते तेवढे छाटले आणि काम झाल्याची नोंद करून गेली. तुमच्या तक्रारीत वास्तविक तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत, आणि माझ्या मते सगळा घोटाळा तिथे आहे.

पाने, शेंगा आणि तुंबणाऱ्या जाळ्या हा त्रास आहे. तो धोका नाही. वर्षातून काही आठवडे पर्जन्यवृक्ष पाने गाळतो आणि त्याच सुमारास त्याच्या काळ्या, गोडसर, चिकट शेंगा पडतात. फांदी कापली तरी पाने वाऱ्याने येतच राहतील. जाळीवर घुमटाच्या आकाराची उंच झाकणी बसवली आणि पावसाआधी गच्ची दोनदा झाडून घेतली की हा प्रश्न बराचसा मिटतो. सोलरवर पडणारी सावली ही गैरसोय आहे, आणि तिच्यासाठी झाडाने आकार बदलावा असे म्हणण्याआधी पॅनेल गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात हलवता येईल का, हे बसवणाऱ्याला विचारायला हवे. पॅनेल मागाहून आले, झाड आधीपासून होते. तिसरी गोष्ट सासूबाईंच्या खोलीवर आलेली फांदी, आणि ही मात्र तपासण्यासारखी खरी बाब आहे. अर्जात फक्त हीच लिहा. पाने आणि सोलर यांचा उल्लेख केला की वाचणाऱ्याला वाटते, यांना झाडच नको आहे.

धोका आहे की नाही, हे बऱ्याच अंशी तुम्हाला स्वतःला दिवसाउजेडी पाहता येईल. गच्चीवरून ती फांदी जिथे बुंध्याला जुळते तो सांधा पाहा. तिथे उभी भेग आहे का? साल सुटून आतले लाकूड काळे पडले आहे का? पावसानंतर तिथे अळंबीसारखी कडक, कपाटाच्या फळीसारखी बाहेर आलेली बुरशी उगवते का? बुंध्यापाशी जमिनीवर भुसा पडलेला दिसतो का? फांदीच्या टोकाला या दिवसांत नवी पालवी आहे, की ते कोरडे आहे? आणि बुंध्याच्या एका बाजूची माती उचलल्यासारखी, फुटपाथ फुगल्यासारखा दिसतो का? यांपैकी सांध्यावरची भेग किंवा उचललेली माती दिसली, तर अर्जाची वाट न पाहता अग्निशमन दलाला १०१ वर कळवा, सासूबाईंचे अंथरूण तात्पुरते दुसऱ्या खोलीत हलवा आणि त्या बाजूला कोणाचीही गाडी उभी राहू देऊ नका. यांतले काहीच नसेल, फांदी हिरवी आणि सांधा घट्ट असेल, तर वाऱ्यात ती हलते म्हणजे ती पडणार असे नाही. हलणे हाच तिचा वारा सोसण्याचा मार्ग आहे. गेल्या वर्षी स्कूटरवर पडलेली फांदी वाळलेली होती की हिरवी, हे शेजाऱ्यांना आठवत असेल. वाळलेली असेल तर तो झाडाचा नव्हे, वेळेवर न झालेल्या साफसफाईचा प्रश्न होता.

नवा अर्ज कसा असावा, ते नमुन्यादाखल लिहिते : ‘अमुक रस्त्यावर, अमुक घराच्या फाटकासमोर पदपथावर असलेल्या पर्जन्यवृक्षाची घराच्या दिशेने गेलेली, जमिनीपासून सुमारे इतक्या उंचीवरची, मांडीएवढ्या जाडीची एक फांदी पहिल्या मजल्यावरील राहत्या खोलीवर आली आहे. तिच्या बुंध्याजवळील सांध्यावर सोबतच्या छायाचित्रात दिसणारी खूण आहे. वृक्ष अधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष पाहणी करून ही फांदी हलकी करणे किंवा काढणे आवश्यक आहे का, ते ठरवावे व लेखी कळवावे. काम करताना घराच्या गच्चीचा वापर करू देण्यास आमची संमती आहे.’ शेवटचे वाक्य विसरू नका. हद्दीच्या सबबीला ते उत्तर आहे. गच्चीवरून हाताला येते त्या टोकाला लाल फडके बांधा आणि रस्त्यावरून एक, गच्चीवरून एक अशी दोन छायाचित्रे काढा, म्हणजे कोणती फांदी याविषयी वाद राहणार नाही. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात देऊन आवक क्रमांक घ्या. ऑनलाइन तक्रार केली तरी त्या क्रमांकाची नोंद ठेवा. महिनाभरात उत्तर आले नाही, तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचे शुल्क भरून ‘या आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, पाहणी कोणी व कोणत्या तारखेला केली’ एवढेच विचारा. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते, आणि बहुधा उत्तर लिहिण्यासाठी आधी पाहणी करावी लागते.

एक गोष्ट त्याआधी पडताळून घ्या. बंगला सोसायट्यांचे अंतर्गत रस्ते पुष्कळदा महापालिकेकडे रीतसर हस्तांतरित झालेले नसतात, आणि ज्याला आपण पदपथ म्हणतो तो भाग कधीकधी सोसायटीच्याच आराखड्यात असतो. तसे असेल तर झाड सोसायटीचे ठरते. छाटणीची परवानगी तरीही महापालिकेचीच लागते, पण खर्च आणि पुढाकार सोसायटीचा. सचिवांकडे मंजूर आराखडा असेल, त्यात एक नजर टाकली की कळेल. मुंबईत हा फरक लोकांना अधिक ठाऊक आहे, कारण तिथे पावसाळ्यापूर्वी खासगी आवारातील झाडांची छाटणी करून घ्या अशा सूचना पालिका सोसायट्यांना देत असते. पुण्यातल्या सोसायट्यांनी सूचनेची वाट पाहू नये.

तुमच्या यजमानांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. कापायच्या कामात पडू नये, हे खरे. पण पाहायच्या आणि कळवायच्या कामात पडायलाच हवे, आणि हे मी तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला उत्तर म्हणून सांगते आहे. झाड पडून इजा झाली की दोष ठरवताना मुख्य प्रश्न हा असतो की, ज्याच्या ताब्यात ते होते त्याला धोक्याची कल्पना होती का, आणि असूनही त्याने दुर्लक्ष केले का. निरोगी झाड वादळात उन्मळले, तर त्याला नैसर्गिक आपत्ती म्हटले जाऊ शकते. पण भेगेचे छायाचित्र जोडलेला अर्ज आधी दाखल असेल, तर ती सबब फार दुबळी होते. २०१७ च्या जुलैत मुंबईत चेंबूरला नारळाचे झाड कोसळून रस्त्याने चाललेल्या एका महिलेचा मृत्यू झाला. ते झाड खासगी आवारातील होते, ते तोडण्याची परवानगी आधी मागितली गेली होती आणि पालिकेने ती दिली नव्हती. त्यानंतरची सारी चर्चा त्या नाकारलेल्या अर्जाभोवतीच झाली. तुम्ही रीतसर कळवले असेल आणि स्वतः झाडाला हात लावला नसेल, तर महापालिकेचे झाड पडल्याचा दोष तुमच्यावर येण्याचे कारण नाही. उलट लाकूडवाल्याकडून एक बाजू कापून घेतली आणि दोन वर्षांनी झाड दुसऱ्या बाजूला कलंडले, तर मात्र प्रश्न तुम्हालाच विचारले जातील. शेजाऱ्यांच्या स्कूटरविषयी एवढेच, की वाहनाचा विमा केवळ तृतीय पक्षाचा नसून सर्वसमावेशक असेल, तर वादळाने झालेल्या नुकसानीचा दावा सामान्यतः करता येतो. विम्याची कागदपत्रे त्यांनी एकदा काढून पाहावीत.

समोरच्या काकांना तुम्ही पत्रात विरोधक म्हटले आहे. मला ते तुमचे सर्वांत उपयोगी शेजारी वाटतात. छाटणीच्या नावाखाली झाडाची काय दशा होते, हे त्यांनी बहुधा पाहिलेले आहे : शेंडा उडवलेला, नुसता दांडा उरलेला पर्जन्यवृक्ष. आणि अशा छाटणीने झाड सुरक्षितही होत नाही. शेंडा उडवला की कापलेल्या जागी पाच-सात फुटवे जोमाने येतात, पण ते आतल्या लाकडातून नव्हे, सालीलगतच्या थरातून फुटलेले असतात, आणि चार-पाच वर्षांनी तेच जाड होऊन वाऱ्यात सुटतात. काकांना गच्चीवर बोलवा, फांदी दाखवा आणि नेमके कुठून काय कापायला सांगणार आहात ते त्यांच्याशी ठरवा. अर्जावर त्यांची सही मिळाली तर तो अर्ज झाड नको असलेल्या एका घराचा राहत नाही.

काम होईल त्या दिवशी तुमच्यापैकी कोणीतरी, शक्यतो काकांसह, तिथे उभे राहा. जाड फांदी एका घावात तोडू देऊ नका, कारण ती आपल्याच वजनाने खाली येताना बुंध्याची साल फाडत नेते. आधी बुंध्यापासून हातभर अंतरावर खालून थोडी खाच, मग तिच्या जरा पुढे वरून काप, म्हणजे वजन निघून जाते. आणि उरलेला खुंट शेवटी सांध्याजवळच्या फुगीर वळीच्या बाहेरून कापायचा. ती वळी शाबूत राहिली तर झाड स्वतःच जखम भरून काढते, ती कापली गेली तर तिथूनच कूज शिरते. फांदी पूर्ण काढण्याची गरज नसेल, तर टोकाकडचा तिसरा हिस्सा कमी करूनही खोलीवरचा भार बराच उतरतो. एका वेळी एकूण पसाऱ्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा अधिक पाला जाऊ नये. आणि सुरुवातीला दुर्बीण असेल तर दुर्बिणीने, नसेल तर नुसत्या डोळ्यांनी घरटी पाहा. मे-जून हा कावळ्यांच्या विणीचा काळ आहे, पावसाळ्यात बगळे आणि रातबगळे याच झाडांवर घरटी करतात, आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मुळे अंडी-पिले असलेले घरटे पाडणे हा निराळा गुन्हा ठरतो. तातडीचा धोका नसेल, तर घरटे असलेली फांदी महिना-दीड महिना थांबू शकते. हे सगळे पाहता अशा अर्जाची योग्य वेळ मे नव्हे, जानेवारी-फेब्रुवारी आहे. यंदा उशीर झाला आहे, म्हणून यंदा केवळ धोक्याची फांदी मागा. बाकीचे पुढच्या वर्षासाठी ठेवा.

इतर वाचकांसाठी दोन गोष्टी जोडते. फांदी विजेच्या तारांवर असेल तर ती ओली असो वा सुकी, तिला बांबू, दोरी, शिडी काहीही लावू नका. १९१२ वर वीज कंपनीला कळवा, तारांलगतची छाटणी तीच पुरवठा बंद करून करते. आणि गावात राहणाऱ्यांना १९७५ चा नागरी कायदा लागू नसला तरी तिथे १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा आहे, गोव्यात १९८४ चा वृक्ष जतन कायदा. तेव्हा ‘आमच्याकडे परवानगी लागत नाही’ असे कोणी सांगितले तर आधी चौकशी करा.

तुमच्या दुसऱ्या छायाचित्रात मला एक गोष्ट दिसली, ती तुमच्या प्रश्नात नव्हती. फाटकातून गाडी बाहेर काढण्यासाठी केलेल्या सिमेंटच्या उताराने आणि त्याला जोडून बसवलेल्या पेव्हर ब्लॉकने झाडाचा बुंधा अगदी गळ्यापर्यंत आवळला आहे. रस्त्याच्या बाजूला थोडी माती आहे, तुमच्या बाजूला बोटभरही नाही. पर्जन्यवृक्षाची मुळे उथळ पसरतात. त्यांना पाणी आणि हवा एकाच बाजूने मिळत असेल, तर ज्या बाजूची पकड कमजोर राहील ती तुमच्या घराची आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता, तो याच कारणासाठी. उतार तुम्ही केलेला असेल तर बुंध्याभोवतीचा तेवढा भाग फोडून माती मोकळी करून घ्या. मात्र काम पहारीने आणि हाताने व्हावे, ब्रेकर मशीन मुळांवर चालवू नये. पेव्हर ब्लॉक महापालिकेचे असतील तर नव्या अर्जातच त्यांच्यासाठी एक ओळ वाढवा. पाऊस सुरू होण्याआधी हे झाले तर उत्तम, कारण पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी तरी यंदा त्या बाजूच्या मुळांना मिळेल.